कुर्डुवाडीचा राजा

बीड जिल्ह्यातल्या माणसाला कुर्डुवाडी ठाऊक नाही असे सहसा होत नाही. पंढरपूर ठाऊक असते ते भक्तीमुळे, पुणे ठाऊक असते ते पोरांच्या शिक्षणामुळे आणि कुर्डुवाडी ठाऊक असते ती खोळंब्यामुळे. खुद्द बीड शहराला प्रवासी गाडी मिळाली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी, म्हणजे परवाच म्हणायची. त्याआधी आमच्या केजकडच्या माणसाला मुंबई गाठायची तर एसटीने बार्शी, बार्शीहून कुर्डुवाडी आणि मग कुर्डुवाडीच्या फलाटावर वळकटीवर बसून मेलची वाट पाहणे, हा एक राजमार्ग होता. बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी रुळांवरची गाडी १८९७ साली कुर्डुवाडीहून बार्शीला सुरू झाली आणि १९११ साली लातूरला पोचली. माझे आजोबा म्हणत, "एकच गाडी होती ती. सत्त्याण्णव साली निघाली अन् अकरा साली पोचली. मधी पाण्याला थांबली असंल."

सांगायचा मुद्दा हा की, कुर्डुवाडीबद्दल आमचे ज्ञान ऐकीव नाही, ते बसून मिळवलेले आहे. तिथे फलाट आहे, चहा आहे, रेल्वेचा कारखाना आहे आणि डास आहेत. नाही तो फक्त राजा. कुर्डुवाडीला राजा कधीच नव्हता. स्टेशनमास्तर होता, आणि गाडी लेट असली की त्याचा रुबाब राजापेक्षा कमी नसे, ही गोष्ट वेगळी.

म्हणूनच भारतीय सर्कशीच्या इतिहासावरचे एक इंग्रजी पुस्तक वाचताना मी खुर्चीत ताठ बसलो. त्यात छापले होते की, भारतातल्या पहिल्या सर्कशीचा पहिला खेळ २० मार्च १८८० रोजी कुर्डुवाडीच्या राजाच्या वाड्यापुढील पटांगणात झाला. मी दुसरे पुस्तक काढले. तिथेही कुर्डुवाडीचा राजा. तिसऱ्या लेखातही तोच. आम्ही बँकेतले लोक याला चांगले ओळखतो. एका कारकुनाने खातेदाराचे नाव चुकीचे चढवले की पुढचे वीस कारकून ते इमानेइतबारे उतरवून घेतात, आणि शेवटी खरा खातेदार काउंटरवर येऊन उभा राहिला तर त्यालाच विचारतात, "हे तुम्हीच कशावरून?"

तो खरा खातेदार म्हणजे कुरुंदवाड. कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यात, कृष्णा आणि पंचगंगा जिथे एकमेकींना भेटतात त्या टापूतले गाव. नदीपलीकडे नरसोबाची वाडी. दत्ताच्या दर्शनाला जाणारी माणसे वाडीला उतरतात, पादुकांना नमस्कार करतात, कवठाची बर्फी घेतात आणि परत फिरतात. पलीकडच्या काठावर पटवर्धनांचे एक संस्थान होते, हे बर्फीच्या पुड्यावर लिहिलेले नसल्यामुळे पुष्कळांना कळत नाही. पटवर्धनांची सांगली, मिरज, जमखिंडी अशी बरीच घरे. त्यातलेच हे एक, आणि तेही पुढे थोरली पाती आणि धाकटी पाती असे वाटून घेतलेले. तोफांच्या सलामीचा मान या संस्थानाला नव्हता. १९४८ साली ते विलीन झाले. म्हणजे राजा होता, वाडा होता, पागा होती. फक्त इंग्रजी टंकलेखकाच्या बोटाला 'कुरुंदवाड' जड गेले आणि 'कुर्डुवाडी' सोपी वाटली.

गंमत अशी की, तीच बार्शी लाइट रेल्वे पुढे पंढरपूरवरून १९२७ साली मिरजेला जाऊन भिडली. कुरुंदवाडहून मिरज काही लांब नाही. म्हणजे ही दोन्ही गावे एकाच लाइनीच्या अंगाची. इतिहासकार बहुधा मिरजेला उतरायचा तो डुलकी लागून कुर्डुवाडीला उतरला. आमच्याकडच्या बऱ्याच लोकांचे असे झालेले आहे, पण त्यांनी त्यावर पुस्तके लिहिली नाहीत.

आता या राजाने, म्हणजे कुरुंदवाडच्या बाळासाहेब पटवर्धनांनी केले काय? खरे सांगायचे तर त्यांनी स्वतः काहीच केले नाही. त्यांनी एका नोकराला काहीतरी करू दिले. ज्यांनी तीन साहेबांच्या हाताखाली नोकरी केली आहे त्यांना या दुसऱ्या गोष्टीची किंमत वेगळी समजावून सांगायला नको.

तो नोकर म्हणजे विष्णुपंत मोरेश्वर छत्रे. जन्म १८४० चा, अंकलखोपचा. औदुंबरला दत्ताच्या दर्शनाला गेलेल्यांनी शेजारचे अंकलखोप पाहिलेले असते. या मुलाला दोन नाद होते, घोडा आणि गाणे. त्या काळात ब्राह्मणाच्या मुलाने यांपैकी एक नाद केला तरी घरातले लोक देव पाण्यात बुडवून ठेवीत. याने दोन्ही केले आणि त्यासाठी थेट ग्वाल्हेर गाठले. तिथे बाबासाहेब आपटे यांच्याकडे अश्वविद्या आणि हद्दूखाँसाहेबांकडे गायकी, अशी ही दुहेरी तालीम. पुढे विष्णुपंत कुरुंदवाडच्या दरबारात चाबुकस्वार म्हणून लागले. चाबुकस्वार म्हणजे चाबूक मारणारा नव्हे, घोड्याला वळण लावणारा. चाबूक असतो तो शोभेला, जसा आमच्या मॅनेजरच्या टेबलावरचा 'सुहास्य सेवा' हा फलक.

१८७९ साली मुंबईला ज्युसेप्पे किआरिनी नावाच्या इटालियन माणसाची सर्कस आली होती. बाळासाहेब आणि विष्णुपंत दोघे ती पाहायला गेले. मालकाने खेळ पाहायला जाताना पागेच्या नोकराला बरोबर न्यावे, ही इथली पहिली दखल घेण्याजोगी गोष्ट. खेळ रंगला. पुढे जे घडले ते सांगणारे निरनिराळ्या तऱ्हांनी सांगतात, पण गाभा एकच. किआरिनीसाहेबांनी रिंगणात उभे राहून जाहीर केले की, हिंदुस्थानात अशी सर्कस नाही आणि इतक्यात होणारही नाही. सहा महिन्यांत हे खेळ कोणी करून दाखवील त्याला एक हजार रुपये आणि एक घोडा बक्षीस. विष्णुपंतांनी पैज उचलली.

इथे मी माझ्या मनाशी थोडा थांबतो. समजा, मी आमच्या साहेबांबरोबर एखाद्या परदेशी बँकेच्या कार्यक्रमाला गेलो आणि भर सभेत उठून म्हणालो की, सहा महिन्यांत असली बँक मी काढून दाखवतो. साहेब काय करतील? प्रथम ते मला ओळखत नसल्यासारखे दुसरीकडे पाहतील. नंतर माझी बदली गडचिरोलीला करतील. बाळासाहेबांनी तसे काही केले नाही. आपल्या वाड्यापुढची मोकळी जागा दिली, पागेतली घोडी दिली आणि मुख्य म्हणजे सहा महिने "झाले का? झाले का?" असे विचारून भंडावून सोडले नाही. निदान तशी नोंद कुठे नाही.

आणि २० मार्च १८८० ला निवडक मंडळींसमोर खेळ झाला. तारीख पाहून माझ्या छातीत धस्स झाले. मार्चच्या वीस तारखेला बँकेतला माणूस स्वतःच्या पोराचे नावदेखील नीट आठवू शकत नाही, आणि हा गृहस्थ त्या दिवशी 'ग्रेट इंडियन सर्कस' सुरू करतो! छत्र्यांच्या पत्नीही सर्कशीत कसरतीची कामे करीत, असे सर्कशीचे इतिहास सांगतात. १८८० चे दशक लक्षात घ्या. गावातल्या बायका चारचौघांत नवऱ्याचे नाव घेताना लाजत होत्या तो हा काळ.

पण मला यापेक्षा वेगळाच प्रश्न पडला होता. सर्कस संस्थानिकाच्या पागेतच का जन्माला यावी? तालमीत का नाही, नाटक मंडळीत का नाही? याचे उत्तर रिंगणात आहे. आपण सर्कस म्हटले की वाघ-सिंह आणि झोपाळे आठवतो, पण सर्कस मुळात घोड्याची. तिचा जनक फिलिप अॅस्टली हा लंडनचा, इंग्रजी घोडदळातून बाहेर पडलेला सार्जंट मेजर. १७६८ च्या सुमारास त्याने पाहिले की, घोडा सरळ पळवला तर स्वाराला पाठीवर उभे राहणे अवघड जाते. तो गोल पळवला, तर मात्र घोडा आणि स्वार दोघेही आतल्या बाजूला झुकतात, बाहेर फेकणारा जोर त्या झुकण्याने सावरला जातो आणि तोल राहतो. गोल फार लहान केला तर घोडा अडखळतो, फार मोठा केला तर तो जोर मिळत नाही. करता करता व्यास ठरला बेचाळीस फूट. आज जगात कुठेही जा, सर्कशीचे रिंगण साधारण तेवढेच. हत्ती आले, मोटारसायकली आल्या, पण माप घोड्याचे राहिले.

म्हणजे तिकडे लंडनला घोडदळातला मोकळा झालेला शिपाई आणि इकडे कुरुंदवाडला एका सरदार घराण्याचा चाबुकस्वार. मला यात एक सूत्र दिसते. पटवर्धन हे पेशवाईतले नावाजलेले सरदार. त्यांची घोडी एके काळी कर्नाटकात हैदर-टिपूवर धावून गेलेली. १८१८ नंतर ती घोडी करणार काय? लढाई इंग्रजांनी बंद केली. राहता राहिली दसऱ्याची मिरवणूक आणि साहेब आला की सलामी. वर्षातून दोन दिवस काम आणि तीनशे त्रेसष्ट दिवस हरभरा. आम्हा कारकुनांना हा हिशेब हेवा वाटण्यासारखा आहे, पण घोड्याला आणि खऱ्या घोडेस्वाराला तो मानवत नाही. विष्णुपंतांनी काय केले, तर लढाई नसलेल्या घोडदळाला काम मिळवून दिले. शत्रूच्या मुलखात दौड मारायची ती तिकिटे लावून बेचाळीस फुटांत मारली, इतकेच. पूर्वी मराठ्यांची घोडी दिसली की गावे पळून जात. आता ती दिसली की गावे पैसे देऊन गोळा होऊ लागली. माझ्या मते ही प्रगती आहे.

त्याच विष्णुपंतांची दुसरी गोष्ट मला पहिलीपेक्षा मोठी वाटते. गुरू हद्दूखाँचे चिरंजीव रहिमतखाँ. गळा असा की पुढे लोक त्यांना भूगंधर्व म्हणू लागले. पण घरातल्या दुःखाने आणि अफूने माणूस भ्रमिष्ट झालेला, काशीकडे बेवारशासारखा भटकत होता. विष्णुपंतांनी त्यांना शोधून आणले, अंघोळ घातली, अन्न घातले आणि सर्कशीच्या लवाजम्याबरोबर घेऊन हिंडले. ज्या गावी तंबू, त्या गावी खाँसाहेबांचे गाणे. विचार करा, एका बाजूला सिंह ओरडतो आहे आणि दुसऱ्या बाजूला ग्वाल्हेरची गायकी चालली आहे. सिंह बहुधा ऐकत असावा, कारण गाण्यात व्यत्यय आणल्याची तक्रार आढळत नाही. छत्रे १९०५ साली वारले. रहिमतखाँ त्यांच्यामागे कुरुंदवाडच्या आश्रयाने राहिले आणि १९२२ साली तिथेच त्यांनी देह ठेवला. गुरूच्या मुलाला सांभाळायचे कर्ज कोणत्याही कागदावर नव्हते. कागदावर असलेली कर्जे वसूल करताना आमची काय दमछाक होते हे ज्याला माहीत आहे, त्याला या परतफेडीची थोरवी कळेल.

एकदा वाट मळली की मागून येणारे पुष्कळ. छत्र्यांच्या पाठोपाठ त्याच टापूतून सर्कशी निघाल्या. म्हैसाळच्या देवलांची, कार्लेकरांची, तासगावच्या परशुराम माळींची. चारदोन तालुक्यांच्या मुलखातून इतक्या सर्कशी निघाव्यात, हे आमच्याकडच्या पतसंस्थांसारखे झाले. फरक इतकाच की, सर्कशी गाव सोडून जाताना सांगून जात.

१८८० च्या दशकाच्या शेवटाला छत्र्यांची सर्कस मलबारात तलश्शेरीला गेली. तिथे कीलेरी कुन्हिकण्णन नावाचे व्यायामशिक्षक होते. खेळ पाहून त्यांनी ठरवले की, कसरतपटू मी तयार करतो. १९०१ साली त्यांनी चिरक्कर येथे सर्कशीची शाळाच काढली. पुढे भारतातल्या बहुतेक मोठ्या सर्कशी केरळच्या लोकांच्या झाल्या. त्यामुळे 'भारतीय सर्कशीचे जनक' म्हणून केरळात कुन्हिकण्णन यांचे नाव घेतात आणि महाराष्ट्रात छत्र्यांचे. आमच्या अर्जावर 'वडिलांचे नाव' ही एकच ओळ असते, तेव्हा हे प्रकरण आमच्याकडे आले तर अडकेल. पण एकाने जन्म दिला, दुसऱ्याने शिकवून कमावते केले, असे धरले तर दोघांचाही मान राहतो. या सर्कशींच्याच वातावरणातून पुण्याचा एक पोर, दामू धोत्रे, जन्म १९०२ चा, मामांच्या सर्कशीत वाढला आणि १९४० मध्ये अमेरिकेत रिंगलिंग ब्रदर्सच्या जगातल्या सर्वांत मोठ्या सर्कशीत वाघ-सिंहांचा उस्ताद म्हणून उभा राहिला. कुरुंदवाडच्या वाड्यापुढे आखलेले रिंगण इतके रुंदावले होते.

आमच्या बीडला सर्कस यायची ती ट्रकमधून. मोठ्या सर्कशी रेल्वेच्या खास गाड्यांनी हिंडत आणि रेल्वे आमच्याकडे नव्हती, त्यामुळे येणारी सर्कस मध्यम प्रतीची, पण आम्हाला ती जगात थोर. १९८८ च्या आसपासची गोष्ट. मी तिसरीत होतो. सर्कस आल्याची खबर पेपरमधून कळत नसे, आकाशातून कळे. रात्री सर्चलाइटचा झोत बिंदुसरेच्या पात्रावरून, घरांच्या गच्च्यांवरून गरगर फिरे आणि आम्ही पोरे "आला, आला!" म्हणून ओरडत असू. सकाळी हत्ती रस्त्याने जाई तेव्हा आजी त्याला नमस्कार करून म्हणाली होती, "गणपतीच हाय रे तो. फक्त पोटापायी हिंडाया लागलाय." तिला स्वतःला सर्कस काही आवडली नाही. झोपाळ्यावरच्या मुलीकडे पाहून ती सबंध वेळ "पडंल गं माय, पडंल" म्हणत डोळ्यांवर पदर घेऊन बसली. तिकिटाचे पैसे वाया गेले म्हणून वडील चिडले. पण आज मला वाटते, त्या तंबूत त्या मुलीची काळजी करणारी ती एकटीच होती. आम्ही बाकीचे टाळ्या वाजवत होतो.

आजीच्या काळजीला कायद्याने उशिरा का होईना मान दिला. १९९८ साली केंद्र सरकारने वाघ, सिंह, बिबळे, अस्वल आणि माकड यांचे खेळ करण्यावर बंदी घातली, २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. सर्कशीत मुलांना कामाला ठेवू नये, असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला तो १८ एप्रिल २०११ रोजी. म्हणजे सर्कशीपुरते पाहिले तर माकड आधी सुटले आणि पोर तेरा वर्षांनी. यावर मी काही विनोद करावा अशी जागा आहे, पण करवत नाही.

मागच्या एका जानेवारीत वाडीच्या दर्शनाला गेलो होतो, तेव्हा सौ.ला बर्फीच्या दुकानात सोडून मी पलीकडे कुरुंदवाडला गेलो. चहाच्या टपरीवर एकाला विचारले, "इथं सर्कस कुठं सुरू झाली होती?"

"झाली होती? अवो पावणं, निवडणूक लागलीया. रोज दोन खेळ हुत्यात."

शेजारी बसलेले एक म्हातारे गृहस्थ मात्र गंभीर होते. ते म्हणाले, "छत्र्यांची व्हय? ते वाड्याकडं. घोडी हुती सरकारांची. आमचा पणजा खरारा करायचा तितं." आणि त्यांनी हाताने एक मोठा गोल काढून दाखवला. बेचाळीस फुटांचा नसेल, पण बोट बरोबर त्या बाजूला होते.

वाड्याच्या दिशेने निघालो तर रस्ता उसाच्या गाड्यांनी अडलेला. शिरोळ तालुका म्हणजे उसाचे आगर. एका बैलगाडीवर एवढा ऊस की बैल दिसू नयेत, आणि त्याच्या माथ्यावर सात-आठ वर्षांचा एक पोरगा मांडी घालून बसलेला. गाडी हेलकावे खाई तसा तो त्या बाजूला नेमका झुके. खाली चालणाऱ्या बाईला मी म्हणालो, "अवो, पडंल की ते!"

ती थबकली. माझ्या बोलण्यावरून तिने ओळखले. "तुमी बीडकडले का वो, सायेब?"

"व्हय. केजचा."

"आमी धारूरचे. दिवाळीपासून हितंच हाव. नाई पडत त्ये. भ्या फक्त शाळंचं वाटतंय त्येला. धा दिस गेलं अन् मंग गाडीत बसावं लागलं."

आमच्या जिल्ह्यातून दर वर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास लाखो माणसे अशी निघतात. ट्रक भरतात, ट्रॅक्टर भरतात. भांडी, बाजेचे माचवे, शेळी, कोंबड्या, पोरे, सगळे वर चढते. पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कारखान्यांच्या आसपास कोपी उभ्या राहतात. कारखान्याचा पट्टा पडला की कोपी मोडायची आणि माघारी. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' म्हणतात. माणसे मोजायची नाहीत, हत्यार मोजायचे. मुकादम आधी पैसे देतो, त्याला 'उचल' म्हणतात. आम्हीही कर्ज देतो, पण तारणाला घर मागतो, शेत मागतो, सोने मागतो. या उचलीला तारण म्हणून दोन शरीरे असतात, आणि ती आजारी पडली तरी हप्ता पडत नाही, पुढच्या सालावर चढतो.

तेव्हा माझ्या लक्षात आले की, आम्ही बीडकर सर्कस पाहायला उगाच सर्चलाइटची वाट पाहत होतो. तंबू, मुक्काम, जनावरे, पोरेबाळे आणि तोल, सगळा लवाजमा आमच्याच गावांतून निघत होता आणि कुरुंदवाडच्या शिवारात येऊन उतरत होता. फरक वाड्याचा. विष्णुपंतांच्या कसबाला पाठीशी एक वाडा मिळाला. पडायला जागा, शिकायला सहा महिने आणि "कर जा" म्हणणारा धनी. तेवढ्या भांडवलावर त्यांनी एक धंदा उभा केला आणि त्यात वेड्या गवयालाही पोसले. त्या गाडीवरच्या पोराचा तोल विष्णुपंतांनी पाहिला असता तर त्याला घोड्यावर घेतले असते. आमच्याकडे त्या पोराला शाळेची दहा दिवसांची हजेरी मिळते, आणि दुसऱ्या गावच्या शाळेत त्याचे नाव पटावर चढले तर तेही बहुधा चुकीचे चढते.

म्हणून नाव नीट लिहिणे हा नुसता कारकुनी आग्रह नाही. फिरणाऱ्या माणसांचा इतिहास एका जागी बसलेली माणसे लिहितात, आणि बसलेल्यांना एका गावाऐवजी दुसरे गाव चालते. पण ज्याने घर दिले त्याचे घर बरोबर लिहिले पाहिजे, नाहीतर घर देण्याची रीतच विसरली जाते. कुर्डुवाडीने रागावू नये. तिने आमच्या किती पिढ्यांना फलाटावर पथारी टाकू दिली. तिचे स्वतंत्र खाते आहे आणि त्यात भरपूर शिल्लक आहे. दुसऱ्याच्या राजाची तिला गरज नाही.

हिशेबात चूक सापडली की आमच्याकडे ती खोडत नाहीत. खाडाखोड चालत नाही. दुरुस्तीची नोंद टाकतात. माझ्या हाती एवढेच आहे, ते करतो. रोजकीर्द. कुर्डुवाडी खाते नावे, कुरुंदवाड खाते जमा. रक्कम : राजा एक, वाडा एक, घोडी पागेतील. तपशील : दिनांक २० मार्च १८८० रोजी एका धन्याने चाबुकस्वाराला वाड्यापुढची जागा मोकळी करून दिली, त्याबद्दल.